घरचं सोयाबीन बियाणं: शंभर दाण्यांवरून एकराचा हिशेब

वडिलांच्या हातून वावर नुकतंच तुमच्याकडे आलं असेल, किंवा शहरातली नोकरी सोडून तुम्ही पहिल्यांदाच खरीप करणार असाल, तर मे महिन्यात एक प्रश्न हमखास पडतो. घरात ठेवलेलं सोयाबीन पेरायचं की विकतची पिशवी आणायची? गावात विचारलं तर दोन टोकाची उत्तरं मिळतात. एक जण म्हणतो, "घरचंच पेर, काही होत नाही." दुसरा म्हणतो, "घरच्याच्या नादी लागू नको, दुबार पेरणी येईल." दोघंही अंदाजपंचे बोलत असतात. याचं उत्तर शंभर-चारशे दाणे, एक गोणपाट आणि शाळेतलं त्रैराशिक यातून निघतं. ते कसं काढायचं, ते पुढे क्रमाने सांगतो.

आधी सोयाबीनबद्दल दोन गोष्टी. हे स्वपरागसिंचित पीक आहे, म्हणजे फूल स्वतःच्याच परागावर फळतं. म्हणजे जेएस ३३५, फुले संगम, एमएयूएस ७१ यांसारखा सुधारित वाण घरी राखला तरी पुढच्या वर्षी बराचसा तसाच येतो, संकरित कापसासारखा बिघडत नाही. त्यामुळे एकदा प्रमाणित बियाणं आणलं की पुढची दोन वर्षं घरचं वापरता येतं. दुसरी गोष्ट अशी की सोयाबीनच्या दाण्याचं टरफल फार पातळ असतं आणि अंकुर त्या टरफलाच्या अगदी लगत बसलेला असतो. मळणी यंत्र जोरात फिरलं, पोतं डोक्यावरून आपटलं, थप्पी उंच लागली किंवा काढणीच्या वेळी पाऊस झाला, की दाणा वरून चांगला दिसतो पण आतून मेलेला असतो. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी पावसाने उभं आणि कापून ठेवलेलं सोयाबीन भिजलं. त्यानंतरच्या २०२० च्या खरिपात मराठवाडा-विदर्भात बियाणं उगवलं नसल्याच्या तक्रारींचा ढीग लागला. त्या तक्रारी विकतच्या पिशव्यांच्याही होत्या. म्हणून चाचणी दोन्हींची करायची.

काय काय लागेल

- धुतलेलं, स्वच्छ गोणपाट. खताचं किंवा मिठाचं पोतं नको. गोणपाट नसेल तर जुनी वर्तमानपत्रं
- प्रत्येक लॉटचे (एकाच वाणाच्या, एकाच वावरातल्या, एकाच वर्षाच्या बियाण्याचे) किमान चारशे दाणे
- ग्रॅममध्ये वजन दाखवणारा छोटा काटा. नसेल तर सोनाराकडे किंवा किराणा दुकानात दोन मिनिटांचं काम आहे
- वही, पेन आणि वर्गमूळ काढता येणारा मोबाइलमधला कॅल्क्युलेटर
- एक मीटरची काठी (ही पेरणीनंतर लागेल)
- बियाणं विकतचं असेल तर पक्कं बिल, पिशवी आणि पिशवीवरचा टॅग

चाचणी एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या पहिल्या पंधरवड्यात करा. जूनमध्ये मृगाचा पाऊस दारात असताना केली तर निकाल वाईट आला तरी काही करता येत नाही. दुकानात हवा तो वाण संपलेला असतो आणि पर्याय नाही म्हणून तेच बियाणं पेरलं जातं.

१. नमुना घ्या: पोत्याच्या तोंडावरचा नको

इथेच निम्मे लोक घसरतात. पोत्याचं तोंड उघडून वरची मूठभर घेतली की झालं असं वाटतं. पण वरचा दाणा कोरडा असतो आणि तळाचा भिंतीची किंवा जमिनीची ओल खाल्लेला असतो. शंभर दाण्यांवरून साठ किलोचा अंदाज बांधायचा, तर त्या शंभरात पोत्याच्या प्रत्येक भागाला सारखी संधी मिळाली पाहिजे.

प्रत्येक पोत्यातून वर, मधे आणि तळाशी असा तीन जागचा माल काढा. व्यापाऱ्याकडची परखी (पोत्यात खुपसून दाणे काढायची पोकळ सळई) मिळाली तर उत्तम, नाही तर पोतं रिकामं करून पुन्हा भरा आणि भरता भरता मुठी काढा. सगळा नमुना एका परातीत घेऊन हाताने मिसळा. मग डोळे मिटून मोजल्यासारखे दाणे उचला, म्हणजे फुटका, बारीक, डागाळलेला दाणाही त्यात येईल. निवडून टपोरे दाणे लावले तर चाचणी त्या टपोऱ्या दाण्यांपुरती खरी ठरते. वावरात मात्र पोत्यातलं सगळं पडणार असतं. पेरणीआधी तुम्ही खरोखर चाळून-निवडून घेणार असाल तर आधी चाळा, मग नमुना काढा.

दोन वावरांचं, दोन वाणांचं किंवा दोन वर्षांचं बियाणं असेल तर नमुने वेगळे ठेवा. याचं कारण सातव्या पायरीत येईल.

२. दाणे लावा

गोणपाट भिजवून जादा पाणी निथळू द्या. त्यावर दहा ओळी, प्रत्येक ओळीत दहा दाणे, दोन दाण्यांत बोटभर अंतर. वरून दुसरं ओलं गोणपाट टाका, हलक्या हाताने गुंडाळी करा, सुतळीने सैल बांधा आणि सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडा. ओल राहिली पाहिजे, पाणी टपकता कामा नये. अशा चार गुंडाळ्या करा, म्हणजे चारशे दाणे. प्रत्येकीवर लॉटचं नाव आणि तारीख लिहा.

वर्तमानपत्राची पद्धतही चालते. कागदाच्या चार घड्या घालून ओला करायचा, दहा-दहा दाण्यांच्या गुंडाळ्या करून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायच्या. लहान घरात ती सोयीची पडते, पण कागद लवकर वाळतो, लक्ष ठेवावं लागतं.

बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळाही चारशे दाणेच लावतात आणि सोयाबीनची शेवटची मोजणी आठव्या दिवशी करतात. घरी सहाव्या-सातव्या दिवशी गुंडाळी उघडली तरी चालतं.

३. मोजा: मोड आलेला प्रत्येक दाणा उगवलेला नसतो

गुंडाळी उघडली की पांढरं टोक दिसलेला प्रत्येक दाणा "आला" म्हणून मोजायचा मोह होतो. तसं करू नका. सरळ, लांब मूळ, सशक्त दांडी आणि दोन्ही डाळिंब्या (दाण्याच्या दोन फोडी) शाबूत असलेलं रोपच धरा. मूळ आखूड राहून तपकिरी झालेलं, डाळिंबी तुटलेली, बुरशीने वेढलेलं, पिळवटलेलं रोप वेगळ्या रकान्यात लिहा. गोणपाटाच्या मऊ ओलीत ते कसंबसं जगतं, चार सेंटिमीटर मातीखालून डोकं वर काढताना मरतं.

वहीत तीन रकाने करा: चांगली रोपं, वेडीवाकडी रोपं, मेलेले दाणे. प्रत्येक गुंडाळीची बेरीज शंभर आली पाहिजे. वेडीवाकडी रोपं खूप निघाली तर मळणीत मार बसला आहे असं समजा आणि पुढच्या हंगामात यंत्राची गती कमी करा.

४. आकड्याची रुंदी ओळखा

या लेखातली सर्वांत महत्त्वाची पायरी हीच, आणि गावोगावच्या प्रात्यक्षिकांत ती सहसा सांगितली जात नाही.

समजा शंभर दाण्यांत ७० उगवले. म्हणून अख्ख्या पोत्याची उगवण ७० टक्के आहे का? असेलच असं नाही. त्याच पोत्यातून दुसरे शंभर दाणे घेतले तर ६६ येतील, तिसऱ्यांदा ७४ येतील. यात चूक कुणाची नाही. नाणं शंभर वेळा उडवलं तर दर वेळी बरोबर पन्नास छाप पडत नाहीत, तसंच हे. हा फरक किती असू शकतो ते काढायची सोपी रीत आहे:

उगवलेले टक्के × न उगवलेले टक्के ÷ एकूण दाणे, आणि येईल त्याचं वर्गमूळ.

शंभर दाण्यांसाठी ७० × ३० = २१००, भागिले १०० = २१, वर्गमूळ सुमारे ४.६. ही झाली एक "पायरी". खरा आकडा साधारणपणे मिळालेल्या आकड्याच्या दोन पायऱ्या खाली आणि दोन पायऱ्या वर यांच्या आत असतो. म्हणजे शंभरात ७० आले तर खरी उगवण ६१ ते ७९ यांत कुठेही असू शकते. फार मोठा पट्टा आहे हा! ६१ वाल्याने बियाणं वाढवायला हवं, ७९ वाल्याने कमी केलं तरी चालेल.

आता चारशे दाणे लावा. २१०० भागिले ४०० = ५.२५, वर्गमूळ २.३. पट्टा आला ६५ ते ७५. कष्ट चौपट वाढले आणि रुंदी निम्मी झाली. आणखी निम्मी करायची तर सोळाशे दाणे लागतील, तेवढी उठाठेव घरी परवडत नाही. चारशेवर थांबण्यात शहाणपण आहे ते यामुळे. उलट, चहाच्या बशीत दहा दाणे भिजवून आठ आले म्हणून "ऐंशी टक्के" सांगणाऱ्याचा पट्टा जवळजवळ ५५ पासून शंभरापर्यंत जातो. अशा चाचणीतून बियाणं पूर्ण मेलेलं नाही एवढंच कळतं.

चार गुंडाळ्यांचे आकडे समजा ७४, ६८, ७१ आणि ६३ आले. बेरीज २७६, भागिले ४, म्हणजे ६९ टक्के. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यात दहा-बाराचा फरक नेहमीचा आहे, घाबरू नका. तो वीसच्या वर गेला तर मात्र एखादी गुंडाळी वाळली, सडली किंवा नमुना नीट मिसळला नव्हता असं धरून चाचणी पुन्हा करा.

इथला मोठा सापळा: तीनदा चाचणी करून सर्वांत चांगला आकडा धरणं. खरी उगवण ७० असलेल्या पोत्यातून शंभर दाणे लावले तर ७५ किंवा जास्त येण्याची शक्यता सहात एक आहे. तीनदा करून त्यातला वरचा आकडा घेतला तर तीच शक्यता दहात चारवर जाते. म्हणजे बियाणं तेच, पण वहीत मात्र ते सुधारलेलं दिसतं. जितक्या चाचण्या नीट झाल्या तितक्या सगळ्यांची सरासरी घ्या. आकडा आवडला नाही हे चाचणी बाद करायचं कारण होऊ शकत नाही.

पुढच्या हिशेबासाठी मी मिळालेल्या सरासरीतून एक पायरी वजा करून आकडा धरतो. ६९ आले तर ६७. बियाणं थोडं जास्त पडलं तर दोन-तीन किलोचा खर्च, आणि कमी पडलं तर हंगामभर विरळ पीक. दोन्हीकडचं नुकसान सारखं नाही, म्हणून कल सावधगिरीकडे.

५. एकरी बियाणं ठरवा

सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते आणि एकरी शिफारस ३० किलोची आहे. हे दोन आकडे एकमेकांशी बांधलेले आहेत, सुटे वापरू नका. उगवण बदलली की किलो बदलले पाहिजेत.

प्रमाण व्यस्त आहे. उगवण घटली की बियाणं वाढतं:

३० × ७० ÷ तुमची उगवण = एकरी किलो

उगवण ६७ धरली तर २१०० ÷ ६७ = ३१.३ किलो. ६५ ला ३२.३ किलो. ६० ला ३५ किलो.

कृषी विभागाचा तोंडी सांगायचा नियम असा की ७० च्या खाली दर एक टक्क्याला अर्धा किलो वाढवा. ६५ ला ३२.५ आणि ६० ला ३५. आपल्या त्रैराशिकाशी तो जवळजवळ तंतोतंत जुळतो, त्यामुळे कॅल्क्युलेटर नसेल तर बिनधास्त वापरा. मात्र तो ६० पर्यंतच. त्याखाली नियमही आणि त्रैराशिकही लंगडं पडतं, कारण ज्या पोत्यात निम्मे दाणे मेलेत तिथे उरलेले निम्मेही अशक्तच असतात. गोणपाटात ते उगवतात, पण जमीन थोडी दडपली किंवा पावसाने ओढ दिली की माना टाकतात. ६० च्या खालचं बियाणं पेरू नका, बाजारात विका.

आणखी एक चूक चांगल्या शिकलेल्या लोकांकडूनही होते. उगवण ७० वरून ६० वर आली, म्हणजे दहा टक्के घटली, म्हणून बियाणं दहा टक्के वाढवायचं, म्हणजे ३३ किलो. हे चूक आहे. सत्तरातले दहा गेले म्हणजे सातवा हिस्सा गेला, आणि तो भरून काढायला साठावर सहावा हिस्सा वाढवावा लागतो. म्हणून ३५. दोन किलोचा फरक छोटा वाटतो, पण एकरात दहा हजार रोपं कमी पडतात.

६. तीस किलो आले कुठून, आणि तुमच्या दाण्याला ते लागू आहेत का

दोन ओळींत ४५ सेंटिमीटर आणि दोन झाडांत ५ सेंटिमीटर अंतर धरलं तर एकरात सुमारे १,८०,००० झाडं बसतात. शंभर दाण्यांचं वजन १२ ग्रॅम असेल तर ३० किलोत अडीच लाख दाणे येतात. त्यातले ७० टक्के उगवले तर १,७५,००० रोपं. बसला हिशेब!

पण तुमचा दाणा १२ ग्रॅमचाच आहे का? उगवलेल्या नव्हे, कोरड्या शंभर दाण्यांचं वजन करा. तीन-चारदा करून सरासरी घ्या. मग:

झाडं ÷ उगवण = लागणारे दाणे; दाणे × एका दाण्याचं वजन = बियाणं

७० टक्के उगवणीला १,८०,००० ÷ ०.७० = सुमारे २,५७,००० दाणे. शंभर दाण्यांचं वजन १० ग्रॅम असेल तर पावणेसव्वीस किलोच्या आसपास पुरे, १२ ग्रॅमला ३१ किलो, १४ ग्रॅमला ३६ किलो. वाण बदलला, किंवा पाऊस कमी होऊन दाणा बारीक राहिला, की किलो बदलतात. टपोऱ्या दाण्याच्या वाणाला सवयीने ३० किलो टाकून मग "विरळ आलं" म्हणणारे बरेच असतात.

गोणपाटात जेवढं उगवतं तेवढं वावरात उगवत नाही, हेही खरं. समजा गोणपाटात चांगल्या निघालेल्या दर दहातले नऊ मातीवर येतात. तर हिशेब ०.७० × ०.९० = ०.६३. इथे गुणाकार करायचा. तीस टक्के गेले, वर दहा टक्के गेले, म्हणून चाळीस टक्के गेले असं होत नाही. ते दहा टक्के उरलेल्या सत्तरातून जातात, म्हणून एकूण तूट ३७.

आता एक इशारा. चौथ्या पायरीत आपण सावधगिरीचा आकडा धरला. पाचव्या पायरीत वर दोन किलो "असू द्या" म्हणून धरले, सहावीत वावरातली तूट धरली, आणि पेरणीच्या दिवशी ट्रॅक्टरवाल्याने आणखी चार किलो जास्त सोडले, तर बियाणं सहज ४० किलोच्या पुढे जातं. दाट सोयाबीन उंच वाढतं, लोळतं, खालच्या शेंगा धरत नाहीत आणि फवारणी आत पोचत नाही. सोयाबीन मोकळी जागा मिळाली तर फांद्या करून बरीचशी तूट भरून काढतं, दाटीचं नुकसान मात्र त्याला भरून काढता येत नाही. सावधगिरी एकाच जागी घाला. मी ती उगवणीच्या आकड्यात घालतो आणि पुढचा हिशेब कोरडा ठेवतो.

७. पोती दोन असतील तर

एका पोत्याची उगवण ८० आणि दुसऱ्याची ५० आली, म्हणून सरासरी ६५ असं होत नाही. पहिल्यातलं २० किलो आणि दुसऱ्यातलं १० किलो घेतलं तर जिवंत बियाणं १६ + ५ = २१ किलो, म्हणजे तीसात ७० टक्के. उलट, पहिल्यातलं १० आणि दुसऱ्यातलं २० घेतलं तर ८ + १० = १८, म्हणजे ६० टक्के. ज्याचं वजन जास्त, त्याचा आकडा जास्त ओढतो.

हिशेब असा जमत असला तरी मिसळू नका. ८० चं पोतं वेगळं, कमी किलोनं पेरा आणि ५० चं विका. मिसळलेल्या बियाण्यात मेलेल्या दाण्यांची बुरशी शेजारच्या जिवंत दाण्याला लागते, ती गोष्ट या बेरजेत कुठेच दिसत नाही.

८. टोकण करणार असाल तर

रुंद वरंब्यावर किंवा टोकण यंत्राने, म्हणजे ठरावीक अंतरावरच्या खड्ड्यात दोन-तीन दाणे टाकून, लावायचं असेल तर प्रश्न बदलतो. इथे एकूण रोपांइतकंच महत्त्व रिकाम्या खड्ड्यांना असतं, कारण नांग्या भरायला, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा दाणे लावायला, मजूर लागतात.

"सत्तर टक्के बियाणं आहे, दोन-दोन दाणे टाकले की एकशे चाळीस टक्के, म्हणजे प्रत्येक ठिकाणी एक तरी येणारच." हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की त्याचा वेगळा समाचार घेणं भाग आहे. शक्यता अशा बेरजेने वाढत नाहीत. एक दाणा न उगवण्याची शक्यता ०.३०. दोन्ही न उगवण्याची ०.३० × ०.३० = ०.०९. म्हणजे शंभरातले ९ खड्डे रिकामे राहतील, ४२ ठिकाणी एकच रोप येईल आणि ४९ ठिकाणी दोन.

तीन दाणे टाकले तर रिकामे राहण्याची शक्यता ०.३० × ०.३० × ०.३० = ०.०२७, म्हणजे शंभरात तीनहून कमी.

ओळीत ४५ आणि खड्ड्यांत १५ सेंटिमीटर अंतर धरलं तर एकरात सुमारे ६०,००० खड्डे होतात. दोन दाण्यांनी ५,४०० रिकामे, तीन दाण्यांनी १,६२०. बियाणं १४.४ किलोवरून २१.६ किलोवर जातं (शंभर दाणे १२ ग्रॅम धरून). सव्वासात किलो बियाण्याची किंमत आणि पावणेचार हजार नांग्या भरण्याची मजुरी, दोन्ही तुमच्या गावच्या भावाने मांडून पाहा. बहुतेक ठिकाणी तीन दाणे स्वस्त पडतात. उगवण ८५ च्या वर असेल तर दोन दाण्यांत रिकामे खड्डे दोन-सव्वादोन टक्क्यांवर येतात, मग तिसरा दाणा टाकायची गरज नाही.

या गुणाकारात एक गृहीतक लपलेलं आहे. एका खड्ड्यातल्या दाण्यांचं नशीब एकमेकांपासून वेगळं आहे असं आपण धरलं. वावरात ते पूर्ण खरं नसतं. खड्डा खोल गेला, तिथे ओल नव्हती किंवा कबुतरांनी उकरलं, तर तिन्ही दाणे एकदमच जातात. त्यामुळे प्रत्यक्षात रिकामे खड्डे हिशेबापेक्षा जास्त निघतात आणि एकाच पट्ट्यात निघतात. त्यावर उपाय दाण्यांचा नाही, जमिनीचा आहे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमीन चांगली भिजल्यावरच पेरा आणि दाणा तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खोल घालू नका.

९. बीजप्रक्रिया

आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी रायझोबियम (मुळांवर गाठी करून हवेतला नत्र पिकाला देणारे जिवाणू) आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू. सावलीत सुकवा, त्याच दिवशी पेरा. टरफल निघेल इतकं चोळू नका. नाही तर वर केलेली सगळी चाचणी वाया गेली.

१०. पेरणीनंतर हिशेब ताडून पाहा

ही पायरी फार थोडे लोक करतात आणि खरं शिक्षण इथेच आहे. पेरणीनंतर आठ-दहा दिवसांनी मीटरची काठी घेऊन वावरात जा.

४५ सेंटिमीटरच्या ओळीने एकरात सुमारे ९,००० मीटर तास (पेरणीच्या ओळी) होतात. अडीच लाख दाणे पडले असतील तर मीटरला जवळजवळ २८ दाणे. उगवण ७० धरली तर मीटरला १९-२० रोपं अपेक्षित. एका मीटरमध्ये १५ ही दिसतील, २४ ही दिसतील, तेवढा चढउतार साहजिक आहे. म्हणून दहा जागी मोजा आणि बेरीज घ्या. अपेक्षा १९५ च्या आसपास.

जागा डोळ्यांनी निवडू नका, नजर आपोआप विरळ ठिकाणी जाते. किती पावलांवर थांबायचं ते बांधावरच ठरवा आणि पाऊल पडेल तिथे काठी ठेवा.

बेरीज १८० आली तर समजा सगळं ठरल्याप्रमाणे आहे, पेरणी यंत्रातून दाणे कमी-जास्त पडतातच. १३० आली तर तो नशिबाचा खेळ नाही, काहीतरी घडलं आहे. मग तूट कशी पसरली आहे ते पाहा. एकाच तासात सलग मोकळं दिसलं तर त्या फणाची नळी तुंबली होती. खोलगट भागात गेलं असेल तर पाणी साचलं. सगळीकडे सारखंच विरळ असेल तर बियाणं, खोली किंवा पेरणीनंतरच्या पावसाने धरलेली कडक पापडी. माती उकरून दाणा बघा. दाणा कुजलेला असेल तर संशय बियाण्यावर. कोंब वाकडा होऊन पापडीखाली अडकलेला असेल तर बियाणं निर्दोष.

दुबार पेरणीचा निर्णय मीटरला तेरा रोपं बघून घाईने घेऊ नका. दुसऱ्यांदा बियाणं, डिझेल आणि मजुरी तर लागतेच, वर पंधरा दिवस हातचे जातात, आणि जुलैचा पहिला पंधरवडा उलटला की उशिरा पेरलेल्या सोयाबीनचं उत्पादन घटतं. रोपं विरळ पण सारखी पसरली असतील तर पीक ठेवा. मोठे सलग पट्टे गेले असतील तर तेवढ्याच भागात पुन्हा टोकून घ्या.

११. विकतचं बियाणं न उगवल्यास

दहा जागांच्या मोजणीचे आकडे तारखेसह वहीत आणि फोटो मोबाइलमध्ये असू द्या. लेखी तक्रार तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे करा आणि पोच घ्या. तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती वावरात येऊन पंचनामा करते, तोपर्यंत वावर मोडू नका. सोबत लागेल:

- पक्कं बिल, ज्यावर वाण आणि लॉट नंबर आहे
- पिशवी आणि टॅग. पिशवी टॅगच्या विरुद्ध बाजूने, खालून फोडायची, म्हणजे टॅग शाबूत राहतो
- त्याच पिशवीतलं थोडं शिल्लक बियाणं
- सातबारा
- पेरणीआधी केलेल्या चाचणीची नोंद, असेल तर

दुकानदार कच्ची चिठ्ठी देऊन "भाऊ, बिल नंतर घेऊन जा" म्हणाला तर पिशवी काउंटरवरच ठेवा आणि बिल हातात आल्यावर उचला.